चेनच्या जागी पट्टा

पाटसच्या भागात पट्टा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पिठाच्या गिरणीत मोटरपासून जात्यापर्यंत तोच धावतो, कडबाकुट्टी तोच फिरवतो, रसवंतीत घुंगरांच्या तालावर चरक तोच ओढतो. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि तो स्कूटरच्या पोटात शिरला. आज सोलापूर हायवेवरचा कुठलाही गॅरेजवाला ॲक्टिव्हाचा बेल्ट गप्पा मारता मारता बदलून देईल. पण हाच पट्टा सायकलला, चेनच्या जागी, लावलेला दिसला की माणसं थांबतात आणि वाकून बघतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घसरत नाही का हो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गिरणीचा सपाट पट्टा घसरतो, म्हणून तर त्याला राळ लावतात. स्कूटरचा पट्टा पुलीच्या तिरप्या गालांत दाबून धरलेला असतो आणि तिथेच वर-खाली सरकून वेग बदलतो. दोघांचाही भरवसा पकडीवर. सायकलच्या पट्ट्याला मात्र आतून दात असतात, आणि सध्याच्या बहुतेक पट्ट्यांत दोन दातांमधलं अंतर ११ मिलिमीटर असतं. पुढच्या-मागच्या चक्राच्या खाचांत हे दात बसतात. कारच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट हा त्याचा सख्खा भाऊ. अथर ४५० सारख्या इलेक्ट्रिक स्कूटरचं मागचं चाकही असाच दातेरी पट्टा फिरवतो, त्यामुळे गावातल्या पोरांना तो आता तसा अगदीच अनोळखी राहिलेला नाही.

तरीही सायकलपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. जपानच्या ब्रिजस्टोनने १९८० च्या दशकात 'पिकनिका' नावाची पट्ट्याची घडीची सायकल काढली होती. मोटरसायकलीत हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली 'स्टर्जिस' या गाडीला पट्टा दिला. त्यामागे अमेरिकेतल्या डेन्व्हरची गेट्स ही कंपनी होती. १९११ पासूनची ही कंपनी, आणि व्ही-बेल्टची जन्मकथा सांगताना तिचंच नाव निघतं. याच कंपनीने २००७ साली सायकलसाठी कार्बनचे धागे घातलेला पट्टा बाजारात आणला आणि तिथून गाडी खऱ्या अर्थाने चालू लागली.

कार्बन कशाला लागतो? मोटर एकसारखी ओढते, माणसाचा पाय तसा ओढत नाही. दर फेऱ्याला दोन हिसके, तेही कमी वेगात आणि पूर्ण ताकदीने. हिशोब करून बघा. ५० दातांच्या पुढच्या चक्राचा परीघ ५५० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ८७. क्रँक १७० मिलिमीटरचा. ७० किलोचा माणूस चढावर पायडलवर उभा राहिला की पट्ट्यावर जवळजवळ दुप्पट, १३५ किलोंच्या आसपास ओढ येते. नुसतं रबर असतं तर ते ताणलं जाऊन दात खाचेवर चढला असता. पॉलियुरेथेनच्या अंगात लांबीभर कार्बनचे धागे गेल्यामुळे हा पट्टा लांबतच नाही म्हटलं तरी चालेल. चेन 'लांबते' असं आपण म्हणतो ते तिच्या पिना आणि बुश झिजल्यामुळे. पट्ट्यात पिनाच नाहीत.

आता पाटसच्या रस्त्यावर या. भीमा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. सांडलेला ऊस चाकांखाली चिरडतो, त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात शेतरस्त्यांची काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरेनासं होतं. कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असो नाहीतर गाडी पकडायला पाटस स्टेशन गाठणारा, सगळ्यांची चेन याच धुळीतून जाते. तेल लावावं तर धूळ चिकटून त्याची खरड तयार होते आणि ती पिना खाते. न लावावं तर गंज आणि किरकिर. आपल्या काळ्या सायकलींना चेनकव्हर आलं ते यासाठीच. इंग्लंडच्या सनबीमने तर अख्खी चेन तेलाच्या बंद पेटीत फिरवली होती. तोडगा उत्तम होता, पण जड आणि महाग, आणि मागचं चाक काढायचं म्हणजे दिवस मोडला.

पट्ट्याला तेल लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पायजमा काळा होत नाही, साडीच्या काठाला डाग पडत नाही. चिखल झाला तर पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चांगल्या पट्ट्याच्या मधोमध लांबीभर एक खाच असते आणि चक्रावर तिच्यात बसणारी उभी कड असते, त्यामुळे तो बाजूला सरकत नाही. चक्राच्या खाचा बाहेरून उघड्या ठेवलेल्या असतात, चिखल तिथून आपोआप ढकलला जातो. पट्टा कधी चूं-चूं करायला लागला तर त्याचं कारण बहुतेक वेळा कोरडी धूळ असते. धुवा, फार तर सिलिकॉनचा हलका फवारा मारा. गिरणीच्या सवयीने राळ किंवा ग्रीस लावायला कुणी पुढे आला तर त्याचा हात धरावा.

मात्र त्याला काहीच करावं लागत नाही असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं. चेन रोज थोडं मागते आणि बरंच माफ करते. थोडी सैल, थोडी वाकडी, थोडी कोरडी असली तरी बिचारी चालत राहते. पट्टा रोज काही मागत नाही, पण बसवताना जे मागतो त्यात घासाघीस चालत नाही. आधी सरळ रेष. पुढचं आणि मागचं चक्र एकाच रेषेत हवं, फरक फार तर मिलिमीटरभर. त्याहून जास्त असेल तर पट्टा कडेला घासतो, आवाज करतो आणि लवकर मरतो. चाक तिरपं बसलं असेल तर ते फ्रेमच्या मागच्या खाचेतल्या, म्हणजे चाकाचा आस जिथे बसतो तिथल्या, तणाव-स्क्रूंनी सरळ करायचं. स्क्रू डावी-उजवीकडे पाव-पाव फेरा फिरवायचा, मग क्रँक उलटा फिरवून पट्टा कुठल्या बाजूला झुकतो ते बघायचं.

नंतर ताण, आणि खरी मजा इथे आहे. बोटाने दाबून 'ठीक वाटतंय' म्हणायचं काम नाही. वरच्या बाजूचा मोकळा पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडायचा आणि त्याचा सूर मोजायचा. मोबाइलवर त्यासाठी ॲप मिळतं. फोनचा माईक पट्ट्याजवळ धरायचा, अंगठ्याने टण्‌कन्‌ छेडायचं, की पडद्यावर हर्ट्झचा आकडा येतो. हबमध्ये गिअर असलेल्या सायकलला साधारण ३५ ते ५०, सिंगल स्पीडला ४५ ते ६० हे नेहमीचे आकडे. पण पट्ट्याची जात आणि चालवणाऱ्याचा जोर पाहून ते बदलतात, म्हणून आपल्या पट्ट्याच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. हायवेच्या कडेला हे मोजायला जाऊ नका, ट्रकचा घरघराट त्याच पट्टीतला असतो. घराच्या मागे, पंखा बंद करून मोजा.

एकदा मोजून भागत नाही. क्रँक पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी छेडा. कुठलंही चक्र शंभर टक्के गोल नसतं, त्यामुळे एका जागी सूर चढा लागतो, एका जागी उतरतो. सगळ्यात घट्ट जागा मर्यादेत बसली पाहिजे. शिवाय ॲल्युमिनियमची फ्रेम उन्हात किंचित प्रसरण पावते, कार्बनचा धागा जवळजवळ पावत नाही. म्हणजे जानेवारीच्या पहाटे लावलेला ताण मेच्या दुपारी केसभर वाढलेला असणार. पाटसचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. ताण जास्त झाला तर मागच्या हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर सतत भार पडतो, पायालाही ते जाणवतं. कमी पडला तर चढावर दात खाचेवरून उडी मारतो, 'टक्‌' असा आवाज येतो, आणि आतले धागे दुखावतात. आवाज एकदाच आला म्हणून सोडून देऊ नये.

काही सायकलींत ताणाची सोय मागच्या खाचेत नसते. तिथे क्रँकचं बेअरिंग ज्या नळीत बसतं तीच किंचित आडकेंद्री असते. ती फिरवली की क्रँक पुढे-मागे सरकतो. दिसायला सुबक, पण अशी सायकल घेताना एवढं बघावं की ती घट्ट करणारे बोल्ट सहज हाताला येतात की नाही. मला विचाराल तर सरकत्या खाचेची सायकल घ्या, सायकलवाल्याला पान्याने करता येईल असं काम आहे ते.

गिअरचं मात्र मन तयार ठेवा. चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर पट्ट्याला चालत नाही, कारण पट्टा तिरपा धावू शकत नाही. म्हणून गिअर मागच्या हबच्या पोटात. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तीन गिअरचा हब आणला होता. आज शिमानोचा आठ गिअरचा नेक्सस हब पट्ट्याच्या सायकलींत बराच दिसतो. पुढे ५० आणि मागे २४ दात धरले तर पाचव्या गिअरला क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेचार मीटर जाते, आठव्याला सव्वासात, आणि पहिल्याला जेमतेम २.३५.

पहिल्या गिअरचा तो आकडा पाटसकरांच्या कामाचा आहे. बारामतीकडे निघालं की रोटी घाट लागतो. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे याच घाटाने उंडवडीकडे जाते, आणि चढासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात, म्हणजे एका फेऱ्याला पाच मीटरच्या वर. तिथे माणूस उतरतो आणि हातात धरून चालतो. हब गिअरवाला बसून चढेल, सावकाश, पण बसून. घाट सोडला तर वरवंड, पाटस, कुरकुंभ हा मुलूख तसा सपाट, रोज कामावर जाणाऱ्याला तीन गिअरही पुरतात. हबचा सूरही महिन्या-दोन महिन्यांनी बघावा. नेक्ससला चौथा गिअर टाकून हबवरच्या दोन रंगीत खुणा एका रेषेत आहेत का एवढंच पाहायचं. नसतील तर केबलचा स्क्रू थोडा फिरवायचा. खुणा हटल्या असताना जोरात पायडल मारलं तर गिअर निसटतो आणि गुडघा हँडलवर आपटतो.

पंक्चरची भीती सगळे घालतात. इथे बाभळीचा काटा आहे, सराटे आहेत, पंक्चर होणारच. हबची केबल, नट, पट्टा असं सगळं सोडवून मागचं चाक काढायचं म्हणजे झंझट, हे खरं. पण आपला पंक्चरवाला चाक काढतो कुठे? तो टायरची एक बाजू उचकटतो, ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघतो, कानशीने घासून ठिगळ लावतो आणि पुन्हा आत सारतो. चाक जागचं हलत नाही, म्हणजे लावलेला ताणही हलत नाही. परदेशी पुस्तिकांत ही युक्ती क्वचित सापडते. ट्यूबच बदलायची वेळ आली तरच चाक निघतं, आणि मग ताण पुन्हा मोजावा लागतो.

जुनी एक सवय मात्र सोडायलाच हवी. पडलेली चेन आपण काडीने चक्रावर टेकवतो आणि पायडल फिरवून चढवतो. पट्टा असा चढवला तर कडेचे धागे तुटतात, आणि बाहेरून काही दिसतही नाही. काही दिवसांनी भररस्त्यात तो तुटतो. चाक सैल करून, पुढे ढकलून, पट्टा हातानेच बसवायचा. त्याला मुरगळायचं नाही, उलटा करायचा नाही, घडी घालायची नाही. कार्बनला ताण सोसतो, चुरगळणं सोसत नाही.

राहिला प्रश्न सुट्या भागांचा, आणि इथे चेन सरळ जिंकते. चेन कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते, लांब झाली तर दोन कड्या काढता येतात, तुटली तर जोडता येते. पट्टा अखंड असतो. तोडता येत नाही, जोडता येत नाही, दातांची संख्या नेमकी तीच लागते. ११८ दातांच्या जागी ११५ चा बसत नाही. पाटस-दौंडच्या दुकानात तो मिळेल ही आशा करू नये. सायकल घेतानाच एक जादा पट्टा मागवावा, तो आला त्याच गोल वेटोळ्यात उन्हापासून लांब ठेवावा, आणि त्याच्या अंगावर छापलेले आकडे वहीत लिहून ठेवावेत. तो बहुधा काही वर्षं लागणार नाही. नीट लावलेला पट्टा चेनपेक्षा कितीतरी पट टिकतो.

घरातल्या जुन्या सायकलला पट्टा बसवून घेऊ, असा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्यासाठी एक अडचण. अखंड पट्टा मागच्या त्रिकोणाच्या आत घालायचा कुठून? पट्ट्याच्या सायकलींच्या फ्रेमला म्हणूनच उजव्या बाजूला एक सांधा असतो. तो उघडायचा, पट्टा आत सरकवायचा, पुन्हा बोल्टने आवळायचा. आजोबांच्या ॲटलसला असा सांधा नाही. वेल्डिंगवाला नळी कापून सांधा करून देतो म्हणाला तरी नको म्हणा. मागचा त्रिकोण मिलिमीटरभर हलला की पट्ट्याची रेष गेली, आणि चांगली चालणारी सायकलही गेली. त्या सायकलला नवी चेन आणि एक पूर्ण चेनकव्हर घालून द्या. दोन्ही पाटसमध्येच मिळतील.