फक्कीच्या रेषेबाहेर

सकाळचे साडेआठ. गावाबाहेरच्या माळावर अजून गारवा आहे. दोन गुरुजी सुतळी ताणून धरतात, तिसरे बुडाला भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की टाकत मागे मागे सरकतात. केंद्रातल्या जिल्हा परिषद शाळांचे क्रीडासामने आहेत. टेम्पो येतो, टमटम येते, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर येतो. मुलं उतरतात तीच पळत.

मैदान कालच साफ केलंय, पण सराटे कुठले संपायला! एक मुलगी धोंड्यावर बसते, टाच मांडीवर ओढून घेते, नखांनी काटा उपटते, बोटाला थुंकी लावून जागा पुसते आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहते. पायात बूट असलेलेही ते काढून ठेवतायत. अनवाणी पायाला माती धरते, असं त्यांचं म्हणणं आहे.

माइक खरखरतो. "शंभर मीटर, लहान गट, मुलगे!" पाठीवर टाचणीनं लावलेले कागदी नंबर वाऱ्यानं फडफडतात. शिट्टी. धूळ. संपलंसुद्धा. पहिला आलेला थांबतच नाही, पार बाभळीपर्यंत जातो.

खो-खोच्या मैदानाभोवती मात्र गर्दी हलत नाही. आठ जणी पाटीवर बसल्यात, एक पूर्वेला तोंड करून, दुसरी पश्चिमेला. नववी धावतेय. तिला मध्येच वळता येत नाही, खांब गाठल्याशिवाय दिशा बदलता येत नाही. पळणारी दोघींच्या मधून सुटते. तिला मोकळीक आहे. म्हणून मग पाठीवर थाप आणि "खो!" बसलेली उठते ती वेगातच. वेण्यांच्या रिबिनी सुटल्यात, गुडघे मातीनं लाल झालेत. खांबाजवळ एक जण सरळ अंग झोकून देते, बोटाची टोकं पळणारीच्या टाचेला लागतात. पंचांची शिट्टी वाजते. बाया पदर तोंडाला लावून ओरडतात.

बारा जणींचा संघ. त्यांची शाळा त्याहून कितीतरी मोठी. उरलेल्या मुली फक्कीच्या रेषेबाहेर मांडी घालून बसल्यात. टाळ्या वाजवतायत, हात दुखले की माती उकरतायत. माझी नजर पुन:पुन्हा तिकडे जाते. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असं खेळावं, असं तज्ज्ञ सांगतात. 11 ते 17 वर्षांच्या मुलांचा 2016 पर्यंतचा जगभरचा हिशेब पाहिला, तर 100 पैकी 81 जणांच्या वाट्याला तेवढं खेळणं येत नव्हतं. मुलींमध्ये तर 85 जणींच्या. समोर खो देणारी मुलगी या हिशेबातून सुटली आहे. तिच्यासाठी टाळ्या वाजवणारीचं काय?

ऊन चढतं. पिंपातलं पाणी कोमट झालंय. खिचडीच्या रांगेत ताटल्या वाजतात, पुढचा मागच्याला ढकलतो, मागचा त्याच्या मागच्याला. झाडाच्या सावलीत निकालाचे कागद भरले जातायत. जिंकलेले संघ पुढे तालुक्याला जाणार. हरलेल्या एका संघातली मुलं डोळे पुसत खिचडी खातात, दुसऱ्या वाढीपर्यंत सावरतात.

मंडपामागे हालचाल दिसते. कुठल्याच संघात नसलेल्या पोरांनी काठीनं जमिनीवर चौकोन ओढलाय. लंगडी सुरू आहे. ना पंच, ना नंबर. जाडजूड मुलगा आहे, दुसरीतली चिमुरडी आहे, चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला एक जण आहे. एक बाई लगबगीनं तिकडे जातात. आता ओरडा बसणार, असं वाटतं. पण त्या उरलेल्या फक्कीचा डबा मागवतात, चौकोन मोठा करून घेतात आणि रेषेबाहेर बसलेल्या मुलींना हाक मारतात, "चला गं, उठा सगळ्या!"

अशा बाई प्रत्येक मैदानावर हव्यात. वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला देऊन टाकला जातो, तेव्हा हीच मुलं पुन्हा मांडी घालून बसतात.

चौकोनात आता पाय ठेवायला जागा नाही. जाडजूड मुलाचा डाव आहे. घामानं सदरा पाठीला चिकटलाय. तो उडत उडत तिघांना शिवतो, चौथ्याला कोपऱ्यात गाठतो आणि एकच गलका होतो.

"टेकला, टेकला! पाय टेकला!"

"नाही बाई, नाही टेकला! हे बघा, अजून वरच आहे!"

बाई वाकून पाहतात. "चालू दे," म्हणतात.