पाट गेला तिकडचे आमचे आप्पा

लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गटागटातून फिरतो, तेव्हा सभासद मंडळी चहा पुढे करता करता एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, तुमचं मूळ गाव कंचं?" दरवेळी आम्ही जरा अडखळतो. जन्म माळशिरस तालुक्यातला, नोकरी इथली, आणि घरातली म्हातारी माणसे 'आपल्या गावाकडं' म्हणाली की हात करायची पुरंदरच्या डोंगराकडे. आमच्या आजोबांना, म्हणजे आप्पांना, हाच प्रश्न उभ्या जन्मात हजार वेळा विचारला गेला असेल. त्यांचे उत्तर ठरलेले असायचे. "पाट गेला तिकडचं!" आणि त्यावर असे मोठ्याने हसायचे की विचारणाऱ्यालाही हसावे लागे.

आप्पा सासवडचे. कऱ्हेकाठी मळे होते, पण खाणारी तोंडे जास्त आणि विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा निघाला आणि सासवडकडचे माळी बागाइतदार त्या पाण्यामागोमाग निघाले. पुढे १९२८ साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले, उजव्या अंगालाही पाणी खेळू लागले. कालव्याखालचे स्थानिक शेतकरी ज्वारी-बाजरीवाले. पाणी बांधाला आले तरी ऊस करावा कसा, याचा त्यांना सराव नव्हता. यांच्याकडे हात होते, जमीन नव्हती. म्हणून खंडाने जमिनी घ्यायच्या, ऊस लावायचा, गूळ करून पेठेला घालायचा, असा तो व्यवहार. आप्पा चुलत्याच्या बैलगाडीत बसून बारामतीकडच्या पट्ट्यात आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. बरोबर एक घोंगडी, एक विळा, बस्स.

चुलत्याने त्यांना गुऱ्हाळावर घातले. आधी चरकात ऊस लावायचे काम, मग चुलवाणाला चिपाड घालणारा जाळव्या, आणि चार हंगामांत गुळव्या. ही बढती लहान नव्हे, मंडळी. काहिलीतला रस उकळून मळी वर येते ती कधी काढायची, भेंडीचे पाणी किती घालायचे, जाळ कधी ओढून घ्यायचा, हे सगळे गुळव्याच्या डोळ्यावर. आप्पा उकळता पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवायचे, कानाजवळ नेऊन ताटलीवर टाकायचे आणि आवाजावरून सांगायचे, "उतरा!" एक क्षण चुकला तर ढेप बसत नाही, चिकी होते. आम्ही पदविकेच्या वर्गात ब्रिक्स मोजायचा यंत्राने शिकलो. आप्पांना ते यंत्र दाखवले तर म्हणाले, "ह्याला वास येतो का रे?"

गुऱ्हाळ रात्रंदिवस चाले. बैल फिरून पेंगायचे, माणसेही. तेव्हा आप्पा सगळ्यांच्या नकला करायचे. तलाठ्याची, पेठेतल्या अडत्याची, पाटकऱ्याची, खुद्द चुलत्याची, चुलता समोर बसलेला असताना. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस आणि गरम गूळ नाही म्हणायचे नाही ही रीत आहेच, पण आप्पा रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारून आणायचे. चुलता हिशेबी. तो म्हणे, "हा पोरगा पेठेला जायच्या आधीच अर्धा गूळ वाटतोय."

गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. 'सासवडकर' म्हणायचे. साठ वर्षे एका गावात काढून, तिथे लेकीसुनांची लग्ने करूनही 'सासवडकर' ते सासवडकरच. आम्ही एकदा वैतागून बोललो तर म्हणाले, "आरं, आपलं गाव लोक फुकट ध्यानात ठेवत्यात, वाईट काय त्यात?"

पण एक गोष्ट सांगताना आप्पा हसत नसत. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

डाव्या कालव्याखाली त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पहिली खंडाची जमीन घेतली ती आठ एकर. काळी, खोल, ढेकूळ फोडले तर लोण्यासारखी. मालक स्थानिक मराठा कुटुंब, कर्ता पुरुष गेलेला, घरात बाई आणि दोन लहान मुलगे. त्या वेळचा ऊस पुंड्या, पाण्याला हपापलेला. पाळी आली की पाणी सोडायचे आणि दोनदा पाणी मिळत असेल तर दोनदा घ्यायचे. पाणीपट्टी तर भरलेलीच असायची. निचऱ्याचा चर काढावा हे कोणाच्या डोक्यात नव्हते. पहिल्या वर्षी ऊस असा आला की पाचटात माणूस दिसेना. चौथ्या वर्षी सखल कोपऱ्यातला फुटवा पिवळा पडला. सहाव्या वर्षी उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी धरली. आप्पांनी सब्बल घेऊन खड्डा घेतला, तर कमरेइतक्या खोलीला पाणी लागले. खारपड.

त्यात गुळाचे भाव मंदीत आधीच कोसळलेले. आजीच्या पाटल्या गेल्या, खंडाची बाकी फेडली आणि बैलगाडी जुंपून नीरा ओलांडून उजव्या अंगाला, माळशिरसकडे निघाले. आजीने पत्र्याच्या डब्यात तुळस घेतली होती. ती वाटेत बैलाने खाल्ली, ही हकीकत आप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून सांगायचे. मग गप्प व्हायचे. "आपलं काय रे, आपण गाडी जुंपली. जमीन त्या बाईची व्हती. चांगली घेतली नि पांढरी करून दिली."

पुढच्या पाडव्यापासून त्यांनी त्या घरी एक गुळाची ढेप पाठवायला सुरुवात केली. निरोप काही नाही, चिठ्ठी नाही. कधी स्वतः जायचे, कधी गाडीवानाबरोबर धाडायचे. गुऱ्हाळ बंद करून ऊस कारखान्याला घालू लागले, तेव्हा पेठेतून विकत घेऊन पाठवायचे. माळशिरसकडे मात्र त्यांनी जमीन घेतल्या घेतल्या पहिल्यांदा ओढ्यापर्यंत चर खणला. शेजारी हसले, की सासवडकर लागणीआधी पाणी घालवायची सोय करतोय! पुढे को. ४१९ आला, मग ७४०. चर मात्र दर उन्हाळ्यात साफ होत राहिला.

म्हातारपणी ते ओट्यावर बसून ऊसाच्या गाड्या मोजायचे. तोडीची टोळी दिसली की थांबवून विचारायचे, "गाव कंचं, पाव्हणं?" कोणी गेवराई सांगे, कोणी पाथर्डी. "मग तुमी आमी एकाच गावचं की!" ते बिचारे गोंधळून बघत राहायचे आणि आजी आतून ओरडायची, की चहा टाकते, पण त्यांना कामाला जाऊ द्या.

आप्पा २००१ साली गेले. त्यानंतर तीन वर्षांनी पाडव्याला आम्ही ढेप घेऊन त्या गावी गेलो. म्हातारी बाई केव्हाच वारलेली. तिचा नातू भेटला, आमच्याच वयाचा. म्हणाला, "आमच्याकडं पाडव्याला गूळ लागला की आई म्हणायची, सासवडकराचा आला का बघा." राग दिसला नाही. आम्ही जमीन पाहायची म्हटले तेव्हा मात्र तो थोडा थांबला, आणि मग चप्पल घातली.

आठ एकरांपैकी वरची तीन बरी होती, शाळू होता त्यात. खालच्या पाचात वेडी बाभूळ आणि पांढरी माती. सभासद बंधूंनो, असे तुकडे आपल्या गटांतही आहेत आणि ते कसे झाले हे मालकाला पाठ असते. उन्हाळ्यात सखल कोपऱ्यात तीन फुटांचा खड्डा घ्यावा, पाणी लागते का पाहावे, माती तपासून घ्यावी. नुसते जिप्सम टाकून निचरा नसलेली जमीन सुधारत नाही. ठिबकाने निम्म्याच्या आसपास पाणी वाचते हे आम्ही गट-सभेत सांगतो तेव्हा काहीजण मागे बसून हसतात. हसा, आम्हाला हसण्याची सवय आहे.

तो नातू बांधावर उभा राहून म्हणाला, "तुम्ही ऊसखात्यातले ना? जमिनीखालून पाईप टाकून पाणी काढतात म्हणे. खर्च किती येतो?"

आम्ही म्हटले, खर्चाचे नंतर बघू, आधी पाणी सोडायला ओढ्याकडे उतार मिळतो का ते पाहू. घरून सब्बल मागवली. पाडव्याचे नवे कपडे होते अंगावर, दोघांच्याही. कमरेच्या जरा खाली पाणी लागले.