शोकाचा सूर खाली आला तेव्हा

१२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत हा सोहळा आहे, आणि भावाला निरोप देताना गुरुपण विसरून रडणारे निवृत्तीनाथही आहेत. भोवती सगळा संतमेळा. गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला'मध्येही माणसं भोवती आहेतच. गेलेल्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेली आई त्यांनाच दटावते की, गलका करू नका, जागा होईल तो. दुःख चार माणसांत, मोठ्यानं मांडायचं, ही आपली जुनी रीत.

इंदिरा संतांनी हा सूर खाली आणला. 'सहवास' हा त्यांचा आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा मिळून काढलेला कवितासंग्रह. १९४६ साली संत गेले. पदरात मुलं, संसार बेळगावात. इंदिराबाईंचा स्वतंत्र 'शेला' आला तो १९५१ मध्ये, मग 'मेंदी', 'मृगजळ'.

पावसाला विनवणारी त्यांची कविता अनेकांना पाठ आहे. घर मोडकंतोडकं, गळक्या कौलांखाली ठेवायला भांडी पुरत नाहीत, अंगावरचं लुगडं जुनं. दांडगट पोराची समजूत काढावी तशी ती पावसाची काढते. आणि मग हळूच काम सांगते, वाटेला लागलेल्या सख्याला अडव, माघारी घेऊन ये. मरणाचा शब्दही नाही. माणूस परत येणार नाही हे मात्र त्या भांड्याकुंड्यांच्या काळजीतूनच कळत जातं, आणि म्हणून मला ही मराठीतली फार थोर शोककविता वाटते.

'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर संतांना जाऊन अडतीस वर्षं झाली होती. तरी इंदिराबाईंची प्रत्येक ओळ वैधव्याशी नेऊन जोडायची सवय सुटली नाही. ही सवय अन्यायाची आहे. 'कुब्जा' वाचावी. राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं, आणि पैलतीरावरून येणारी मुरली एकट्या कुब्जेच्या कानी पडते. तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते सुखाचं, आपल्यासाठीही कुणी वाजवलं म्हणून. इंदिराबाईंवर लिहिणाऱ्यांनी निदान या कवितेपुरता तरी तो विधवेचा शिक्का बाजूला ठेवावा.