केमोतला ताप ‘उष्णते’चा नसतो

“केमो उष्ण पडते, ताप यायचाच. एक क्रोसिन घे आणि पडून राहा.” काशीगावात कुणी केमो घेऊन घरी आलं की भेटायला येणारं कुणीतरी हे बोलतंच. माणसं मायेची असतात, हातात सब्जाचं सरबत असतं. पण या एका सल्ल्याने जीव जाऊ शकतो, म्हणून तो ऐकला की मला राग येतो.

केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. गाठीतल्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळातल्या असतात आणि अस्थिमज्जेत रोज तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही तशाच. बऱ्याच औषधांत डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या जंतूंशी आधी भिडतात त्या न्यूट्रोफिल पेशी. एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण 1,500 च्या वर असतात. त्या 500 च्या खाली गेल्या, तर आपल्याच आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात. अशा वेळी पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. बहुतेकदा ताप हीच एक खूण उरते, आणि क्रोसिन देऊन आपण तीच पुसून टाकतो!

काही औषधांनी नुसताच तापही येतो, हे खरं. पण कुठला ताप कसला, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. एकदा 101 फॅरनहाइट भरला किंवा 100.4 तासभर टिकला, की थांबायचं नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये दिलेली सूचना सांगते, की रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा.

बाकीचे समज थोडक्यात. केमो म्हणजे शेक नव्हे. शेक किरणांचा, केमो औषधाची. नातवंड मांडीवर बसलं म्हणून त्याला कॅन्सर होत नाही. फक्त डोसनंतर दोनेक दिवस उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला. केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत, आणि गेलेले बहुधा परत येतात. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन बनतं, पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. म्हणूनच पानांचा रस पिऊ नका. गुळवेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

आता रात्री येणाऱ्या तापाचं. काशीगावाहून परळचं टाटा रुग्णालय गाठायचं म्हणजे मीरा रोडपर्यंत रिक्षा, मग लोकल, मग दादरला बदल. आजारी माणसाला घेऊन हे अवघड, म्हणून घरचे म्हणतात, “सकाळी बघू.” सकाळपर्यंत थांबू नका. पहिल्या डोसच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा, जवळच्या कुठल्या रुग्णालयात जायचं. तो नंबर थर्मामीटरच्या डबीवर चिकटवा. फाइल बरोबर घ्या, केसपेपरच्या रांगेत उभे राहू नका. दारातच मोठ्याने सांगा: केमो चालू आहे, ताप आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.