तलवार न चालवणाऱ्यांचं पथक

राक्षसाचं मुंडकं धडावेगळं झालं की गोष्ट संपली, अशी आपली लहानपणापासूनची समजूत. गावकरी जयजयकार करतात, राजा अर्धं राज्य देतो आणि आजी म्हणते, झोपा आता. कोयोहारू गोतोगे यांच्या ‘किमेत्सु नो याइबा’ या जपानी चित्रकथेत मात्र मुंडकं उडाल्यानंतर काही माणसांचं काम सुरू होतं. आपल्याकडची तरुण मुलं हिला ‘डीमन स्लेअर’ म्हणून ओळखतात. 2016 च्या फेब्रुवारीत ती ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली, 2020 च्या मे महिन्यात 205 प्रकरणांवर संपली, आणि तिच्यावरच्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटाने त्याच वर्षी जपानमधला सर्वाधिक कमाईचा विक्रम मोडला. तांजिरो हा कोळसा विकणारा मुलगा, राक्षस झालेली त्याची बहीण नेझुको, आगीसारख्या आणि पाण्यासारख्या फिरणाऱ्या तलवारी, या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते काकुशींवर.

नातागुमो डोंगरावरची रात्र आठवा. कोळ्यांच्या रूपातल्या राक्षसांनी अख्खं जंगल जाळ्यांनी विणून टाकलेलं. तलवारबाजांची प्रेतं झाडांखाली पडलेली, काही माणसं विषामुळे अर्धवट कोळी होऊन बसलेली, तांजिरोचा मित्र झेनित्सु त्याच विषाने लुळा पडलेला. राक्षस मरतात. त्यांची राख होते आणि वाऱ्यावर उडून जाते. पण माणसांची राख होत नाही. जखमी तिथेच पडलेले असतात, मेलेले तिथेच असतात. मग झाडांतून काळ्या कपड्यातली माणसं येतात. तोंड झाकलेलं, डोकं झाकलेलं, फक्त डोळे उघडे, पाठीवर पथकाचं एक अक्षर. ती जखमींना पट्ट्या बांधतात, पाठुंगळी घेतात, खुणा पुसतात आणि निघून जातात. हेच काकुशी. लढाईनंतरची सगळी निरवानिरव हेच त्यांचं काम.

ही निरवानिरव का लागते? यामागे खरा इतिहास आहे. गोष्ट घडते ती ताइशो काळात, म्हणजे 1912 ते 1926 मधल्या जपानमध्ये. शहरांत विजेचे दिवे आले आहेत, आगगाड्या धावताहेत, बायका-पुरुषांच्या अंगावर किमोनोच्या जोडीने विलायती कपडे दिसू लागले आहेत. आणि सामान्य माणसाने कमरेला तलवार लावून फिरण्यावर 1876 पासून बंदी आहे. राक्षस मारणाऱ्या दलाला सरकारची मान्यता नाही. म्हणून तर तांजिरो आणि त्याचे मित्र स्टेशनवर तलवारी घेऊन उभे दिसताच पोलिसांना बोलावलं जातं, आणि तिघांना तिथून पळ काढावा लागतो. जे दल कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, त्याच्या लढाईनंतर जंगलात तुटकी पाती, गणवेशाचे तुकडे आणि प्रेतं सापडून कसं चालेल? तलवारबाजाने रात्री जे केलं ते सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येऊ नये, हे कुणीतरी बघायलाच हवं.

आता ही माणसं आली कुठून? चित्रकथा एका छोट्या चौकटीत सांगून टाकते: यातल्या बहुतेकांच्या हाताला तलवारीचं अंग नाही. एवढंच. मला ती चौकट पुनःपुन्हा वाचावीशी वाटते. दलात येणाऱ्या माणसाने बहुधा राक्षसाच्या हातून घरदार गमावलेलं असतं. सूड घ्यायचा असतो, पण अंगात तेवढं बळ नसतं. अशा माणसाला परत पाठवता आलं असतं. या दलाने त्याला काळे कपडे दिले आणि त्याच डोंगरावर पाठवलं, फक्त लढाई संपल्यावर. तोही धोका पत्करतोच, आणि जे दृश्य जिंकणाऱ्याला पाहावं लागत नाही ते त्याला रोज पाहावं लागतं.

काकुशींचं सर्वांत थक्क करणारं काम मात्र लढाईच्या जागेपासून लांब चालतं. राक्षस साध्या पोलादाने मरत नाहीत. त्यासाठी सूर्याच्या सर्वांत जवळच्या डोंगरावरची लोहवाळू आणि खनिज वापरून घडवलेली खास तलवार लागते. त्या तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं गाव राक्षसांना सापडलं तर सगळंच संपलं. म्हणून ते गाव कुठे आहे हे कुणालाच सांगितलेलं नाही. तलवार हवी असलेल्या तांजिरोला तिथे जायचं असतं तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, कानांत बोळे घालतात, आणि त्याचं नाक भलतंच तिखट असल्यामुळे नाकातसुद्धा बोळे घालतात. मग एक काकुशी त्याला पाठीवर घेऊन चालू लागतो. ठरलेल्या जागी दुसरा उभा असतो, तो पाठ देतो. मग तिसरा.

खरी गंमत यापुढे आहे. पाठीवर नेणाऱ्या काकुशीलाही गाव कुठे आहे ते माहीत नसतं. त्याला फक्त आपला टप्पा ठाऊक. पुढची वाट दाखवतो तो दलाचा बोलणारा कावळा, आणि तो कावळाही वरचेवर बदलतात. म्हणजे रस्ता सगळ्यांना मिळून माहीत, पण एकट्या कुणालाच ठाऊक नाही. एखाद्या काकुशीला राक्षसाने पकडून कितीही हाल केले तरी त्याच्याजवळ सांगण्यासारखं आहेच काय? इमानदार माणूससुद्धा वेदनेपुढे कधी ना कधी तोंड उघडतो, हे ज्याने ही रचना केली त्याला पुरेपूर कळलेलं आहे. त्याने माणसाच्या धैर्याची परीक्षा घेतलीच नाही. सांगण्यासारखं गुपितच त्याच्या पदरात टाकलं नाही. खऱ्या जगातल्या गुप्तहेर संस्थाही याच तत्त्वावर चालतात. पण एका मुलांच्या साप्ताहिकातल्या कथेने ते तत्त्व पाठीवरच्या माणसाच्या ओझ्यासकट, घामासकट चितारावं, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि एवढं करूनही दलाने पर्यायी गावं तयार ठेवलेली असतात. गुपित फुटलंच तर बिऱ्हाड हलवायचं कुठे, हे आधीच ठरलेलं.

काकुशींना चेहरे नाहीत, पण स्वभाव आहेत. गोतो नावाचा तेवीस वर्षांचा एक काकुशी आपल्याला पुनःपुन्हा भेटतो. हाशिरा म्हणजे दलातले सर्वश्रेष्ठ नऊ तलवारबाज. त्यांच्यापुढे तांजिरोला हजर केलं जातं तो प्रसंग पाहा. सुनावणी आवरताच जखमी तांजिरोला फुलपाखरांच्या हवेलीत, म्हणजे दलाच्या इस्पितळात न्यायचं असतं. दोन काकुशी, त्यातला एक गोतो, त्याला उचलून धूम ठोकतात. पण बहिणीला भोसकणाऱ्या हाशिराला एक टक्कर मारल्याशिवाय जायचंच नाही, म्हणून हा पठ्ठ्या परत येऊन खांबाला मिठी मारतो! दुसरा हाशिरा चिडून त्याला खडे मारतो आणि बोलणी खावी लागतात ती काकुशींना. बाहेर पडल्यावर दोघंही तांजिरोवर उखडतात. आमची माफी माग, म्हणून त्याच्या मागे लागतात. साहेबांच्या खोलीतून भलत्याच्या चुकीसाठी बोलणी खाऊन बाहेर आलेल्या कुणालाही तो राग लगेच ओळखू येईल.

हाच गोतो पुढे एकदा खाऊ घेऊन येतो. योशिवारा या वस्तीतल्या लढाईनंतर तांजिरो दोन महिने बेशुद्ध आहे. गोतो त्याच्यासाठी कासुतेरा आणतो, म्हणजे पोर्तुगीजांनी जपानात रुजवलेला तो अंड्याचा मऊ केक. बेशुद्ध माणूस केक खाणार नाही हे त्यालाही कळतं. खराब व्हायला लागला तर तुम्हीच खाऊन टाका, असं तो सांगून ठेवतो. तरी आणतो. आणि त्या दिवशी तांजिरो डोळे उघडून पडलेला दिसताच, शुद्धीवर आलाय हे आधी सगळ्यांना सांगायचं नाही का, म्हणून तिथे असलेल्या कानाओ या तलवारबाज मुलीवर ओरडतो. ती हुद्द्याने त्याच्याहून वरची, तरी ओरडतो. काकुशींबद्दल मला जे वाटतं त्याचा उगम या केकमध्ये आहे.

काकुशींमध्ये शिंपीही आहेत, आणि त्यांचं काम ऐकण्यासारखं आहे. दलाचा काळा गणवेश एका खास कापडाचा. हवा खेळती राहते, पण पाणी सहजी मुरत नाही, आग लवकर लागत नाही, आणि हलक्यासलक्या राक्षसाच्या नखांनी तो फाटतही नाही. किती जीव वाचवल्याचं श्रेय शिवणयंत्राला द्यायचं, हे कुणी मोजलेलं नाही. याच शिंपीखात्यात माएदा नावाचा एक आगाऊ काकुशीही आहे. तो तरुण मुलींसाठी मुद्दाम तोकडे गणवेश शिवतो. हाशिरांतली भोळी मित्सुरी तो तसाच घालते. शिनोबू ही दुसरी हाशिरा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत तेल ओतून आपला गणवेश जाळते. पडद्यामागची माणसं म्हणजे सगळे संत, असं गोतोगे भासवत नाहीत, हे बरंच आहे.

काकुशींचा पोशाख जपानी प्रेक्षकाला एका जुन्या ओळखीच्या माणसाची आठवण करून देतो. काबुकी नाटकात रंगमंचावर प्रेक्षकांच्या देखत काळ्या कपड्यातला, तोंडावर काळी जाळी असलेला माणूस वावरतो. त्याला कुरोको म्हणतात. नटाला बसायला चौरंग सरकवायचा, नको असलेली वस्तू उचलायची, कपडे क्षणात बदलायचे असतील तर योग्य वेळी दोरा ओढायचा. काळा रंग म्हणजे ‘इथे कुणी नाही’, असा प्रेक्षकांशी करार आहे. आपल्याकडे प्रवेश बदलताना अंधारात सोफा हलवणारी मुलं काळे टी-शर्ट घालतात, तसंच. फरक इतकाच की काबुकीत दिवे चालू असतात. बर्फाचा प्रवेश असेल तर हाच माणूस पांढऱ्या कपड्यात येतो आणि समुद्राचा असेल तर निळ्या. बुनराकू या बाहुल्यांच्या नाट्यात एका बाहुलीला तीन माणसं लागतात, आणि पाय हलवायला शिकण्यात दहा वर्षं, डावा हात शिकण्यात आणखी दहा, असं परंपरेने सांगतात. न दिसण्याची कला इतक्या निष्ठेने जोपासणाऱ्या देशात काकुशींचं पथक सुचावं, हे साहजिक आहे.

दलाचा बाकी संसारही असाच न लढणाऱ्या माणसांवर उभा आहे. वाटेवरची काही घरं जखमी तलवारबाजांना फुकट ठेवून घेतात, कारण त्यांच्या पूर्वजांना कधीतरी दलाने वाचवलेलं असतं. फुलपाखरांच्या हवेलीत आओई आहे. ती दलाच्या निवड-परीक्षेतून जिवंत परतली, पण भीतीपोटी पुन्हा राक्षसासमोर उभी राहू शकली नाही आणि आता जखमींना बरं करते. हागानेझुका नावाचा चक्रम लोहार तर एका बलाढ्य राक्षसाने चेहरा फाडला, एक डोळा फोडला तरी हातातल्या पात्याला धार लावणं थांबवत नाही. राक्षसालाच त्याच्या एकाग्रतेचा हेवा वाटतो! आणि हे सगळं रचणाऱ्या गोतोगे यांचं नाव टोपणनाव आहे. चेहरा लोकांनी पाहिलेला नाही. स्वतःचं चित्र काढायचं झालं तर ते चष्मा लावलेली मगर काढतात.

ज्यांना कथेचा शेवट आधी कळायला नको असेल, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

शेवटच्या लढाईत राक्षसांचा राजा मुझान याला उजाडेपर्यंत उघड्यावर अडवून धरायचं असतं, कारण ऊन लागलं की राक्षस मरतो. हाशिरा एकेक करून कोसळलेले आहेत. मुझान सावली गाठायला निघतो, आणि काकुशी धावून येतात. त्यांच्या हातात तलवारी नसतात. इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून ते पुस्तकांची जड कपाटं त्याच्यावर ढकलून देतात. मोटारी त्याच्या अंगावर घालतात. त्यात कित्येक जण मरतात. आयुष्यभर उचलणं, वाहणं, ढकलणं हेच काम केलेली ही माणसं त्या शेवटच्या घटकेलाही तेच करतात, आणि सूर्य वर यायला जी थोडी मिनिटं कमी पडत होती ती मिळवून देतात. माझ्या मते ही या कथेतली सर्वांत मोठी लढाई आहे, आणि तिच्यात तलवारबाजांचं एकही खास ‘श्वासा’चं तंत्र किंवा नाव असलेला वार नाही.

‘इन्फिनिटी कॅसल’ या चित्रपटत्रयीचा पहिला भाग 2025 च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहाटेच्या खेळांनाही गर्दी होती. पुढचे भाग यायचे आहेत. तोवर वेळ असेल तर पहिल्या मालिकेचे एकविसावा ते चोविसावा हे भाग पुन्हा लावा, आणि या वेळी तांजिरोकडे न बघता त्याला उचलून नेणाऱ्यांकडे बघा.