काळीवरचा रस्ता

मराठवाड्यातील खेड्यांत 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द फार जुने आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. नांगर काळीत धरावा आणि घर पांढरीवर बांधावे, ही पूर्वजांची रीत अनुभवातून आलेली होती. रस्त्याला मात्र अशी निवड करता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे मांजरा नदीच्या काठचे गाव. तेथून निघालेल्या वाटा बहुतेक काळ्या रानांतूनच जातात.

ही माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात हात खोल भेगा पडतात. पावसाळा लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते व लोण्यासारखी मऊ होते. डांबराखालच्या जमिनीला भर रस्त्यात ओल फारशी कमीजास्त भासत नाही. पण कडांना ती आधी लागते आणि आधीच उडते. म्हणून रस्ता प्रथम कडेने, लांबच्या लांब चिरतो. त्या चिरेतून पाणी आत उतरले की खडी खाली रुतते. मग दुधाची गाडी अडते, मुलांची शाळा बुडते आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणे कठीण होते.

याचे कारण मातीच्या कणांत आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी या पानांमध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम घेऊन एका मापनळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकतात व चोवीस तास तशीच ठेवतात. रॉकेल त्या पानांना फाकवीत नाही. रॉकेलमधील माती १० घनसेंटिमीटर आणि पाण्यातील १८ भरली, तर तिची फुगवण ८० टक्के झाली.

यावर जुना उपाय म्हणजे मुरमाची भर. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक डॉ. आर. के. कट्टी यांनी, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर वर दिल्यास खालच्या काळ्या मातीची फुगवण आवरता येते, हे प्रयोगांनी दाखविले. हा उपाय चांगला खरा. परंतु तशी माती लांबून आणावी लागली की खर्च वाढतो, आणि मुरमासाठी टेकड्या पोखराव्या लागतात ते वेगळेच.

दुसरा उपाय जागच्या मातीलाच सुधारण्याचा. तिच्यात विरवलेला चुना मिसळला की चुन्यातील कॅल्शियम कणांच्या पानांना जवळ ओढते. चिकट माती भुसभुशीत, रवाळ होते. पुढे चुना मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून सिमेंटसारखी बांधणी करतो. चुना विकत घ्यावा लागतो. पण सिलिका पुरविणारी वस्तू टाकाऊ म्हणून पडून असते. ती म्हणजे राख. कळंब तालुक्यातील रांजणीच्या साखर कारखान्यासारख्या ठिकाणी उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते, त्याची राख उरते. बीड जिल्ह्यातील परळीच्या वीज केंद्रात कोळशाची राख निघते. अशी राख रस्त्यांच्या कामांत वापरली जावी, यासाठी केंद्र शासनाने १९९९ साली अधिसूचना काढली. काळ्या रानात वाढलेल्या उसाची राख त्याच रानातील रस्त्याखाली जावी, हा योग मोठा मौजेचा आहे.

मात्र राख एकटी पुरत नाही. आपल्याकडील कोळशाच्या राखेत चुन्याचा अंश थोडाच असतो; चिपाडाच्या राखेत अर्धवट जळलेला कोळसा राहिला तर तिचा गुण कमी होतो. म्हणून प्रत्येक ठिकाणची माती आणि राख आधी तपासून प्रमाण ठरवावे लागते. चुना बहुधा कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के लागतो. माती उकरून, ढेकळे फोडून तीत चुना व राख मिसळतात, बेताचे पाणी शिंपडतात, रोलर फिरवितात आणि नंतर काही दिवस थर ओला ठेवतात. कोरडा पडला, तर बांधणी अर्ध्यावरच थांबते. हे काम मृगाच्या सरी येण्यापूर्वी उरकलेले बरे.

आणि कडेची चारी साफ हवी. सुधारलेल्या थराच्या खाली मूळची काळी माती असतेच. चारी तुंबून पाणी तिच्यापर्यंत पोचले, की ती पूर्वीसारखीच फुगू लागते.