निरोगी स्त्रीची तपासणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिला काहीएक दुखत नाही, जिची पाळी नियमित आहे आणि जी घरातील सर्वांचे दुखणेखुपणे पाहते, अशा स्त्रीला कोणी ‘दवाखान्यात जाऊन पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या’ असे सुचविले, म्हणजे संकोच, भीती आणि शंका यांचे काहूर तिच्या मनात उठणे अगदी स्वाभाविक आहे. ही तपासणी ज्यासाठी असते त्या गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाने २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना ग्रासले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. वेळीच हाती लागला तर जो रोग बहुतांशी टाळता येतो, त्याने इतके बळी घ्यावेत, याला सोयींच्या अभावाइतकेच मनात घर करून बसलेले गैरसमजही कारण आहेत. म्हणून त्यांची एकेक करून खातरजमा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?

वस्तुस्थिती : ही तपासणी मुळात निरोगी स्त्रीसाठीच आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूचे काही प्रकार गर्भाशयमुखात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले, तर तेथील पेशींत हळूहळू विकृती उत्पन्न होते आणि तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. या प्रदीर्घ मुदतीत शरीर कसलीही तक्रार करीत नाही, आणि नेमक्या याच मुदतीत दोष हुडकून काढणे हा तपासणीचा हेतू असतो. याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत मिळाला आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने झाला. एचपीव्हीची चाचणी केवळ एकदा देऊ केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी दाखविले. मात्र संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव होणे, यांपैकी काहीही घडत असेल, तर ते अंगावर न काढता आणि तपासणीच्या शिबिराची वाट न पाहता तडक डॉक्टरांकडे जावे.

गैरसमज : तपासणी फार दुखते, आत काहीतरी कापतात.

वस्तुस्थिती : काहीही कापले जात नाही, भूल द्यावी लागत नाही आणि तपासणी काही मिनिटांत संपते. स्त्रीने टेबलावर पाठीवर निजून गुडघे दुमडायचे असतात. अंगावर चादर असते, आणि साडी नेसलेली असल्यास ती सोडण्याचेही कारण नाही, वर सरकवली तरी भागते. मग बदकाच्या चोचीसारखे एक उपकरण मिटलेल्या स्थितीत योनिमार्गात घालून हलकेच उघडतात, त्यायोगे गर्भाशयमुख डोळ्यांना दिसते. पॅप नावाची पेशींची चाचणी किंवा एचपीव्ही चाचणी असेल, तर मऊ ब्रशने तेथील थोड्या पेशी टिपून घेतात. सरकारी आरोग्य केंद्रांत प्रचलित असलेल्या पद्धतीत तेथे सौम्य ॲसिटिक आम्ल लावून सुमारे मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो की काय ते पाहतात. दाब जाणवतो, किंचित चुरचुरते, क्वचित नंतर रक्ताचा एखादा ठिपका दिसतो, इतकेच. अंग आखडले की त्रास वाढतो. म्हणून श्वास सावकाश सोडीत कंबर आणि मांड्या सैल ठेवाव्यात. तपासणारी व्यक्ती स्त्रीच असावी अशी मागणी करणे, सोबत बहीण किंवा मैत्रीण ठेवणे, लहान आकाराचे उपकरण मागणे आणि कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हणणे, हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे. त्यासाठी कोणाची मर्जी सांभाळावी लागू नये. एचपीव्ही चाचणीसाठी, जेथे तशी सोय आहे तेथे, नमुना स्वतःच्या हाताने घेण्याचीही मुभा असते.

गैरसमज : निकालात दोष निघाला म्हणजे कर्करोग झालाच.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा तसे नसते. दोषाचा निष्कर्ष म्हणजे अधिक बारकाईने पाहण्याची सूचना. पुढील तपासणीत कर्करोगपूर्व बदल आढळले, तरी बाधित भाग गोठवून, उष्णतेने नष्ट करून किंवा तेवढाच काढून टाकून इलाज करता येतो. त्यासाठी पिशवी काढण्याची गरज सहसा पडत नाही.

गैरसमज : हा विषाणू आढळणे म्हणजे चारित्र्याला डाग.

वस्तुस्थिती : एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे खरे, परंतु तो इतका सर्वव्यापी आहे की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांना केव्हा ना केव्हा त्याची बाधा होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो कित्येक वर्षे सुप्तही राहू शकतो, म्हणून तो केव्हा आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्याच्या आधारे पत्नीवर किंवा पतीवर आरोप करणे हा उघड अन्याय होय.

गैरसमज : पाळी थांबली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली किंवा एचपीव्हीची लस घेतली, की तपासणी नको.

वस्तुस्थिती : यांपैकी कशानेही ही गरज संपत नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. लस मोलाची आहे, पण ती विषाणूच्या सर्व घातक प्रकारांपासून संरक्षण देत नाही. गर्भाशय काढलेल्या स्त्रीने मुखाचा भाग शिल्लक आहे काय, हे आपल्या कागदपत्रांवरून डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तपासणीचा दिवस पाळीचा नसावा. आधीचे दोन दिवस संबंध आणि योनीत ठेवण्याची औषधे टाळावीत. आणि सर्वांत महत्त्वाची बाब ही, की धीर करून तपासणी करून घेतलेल्या स्त्रीने निकाल आणण्याची हयगय करू नये, तो केव्हा आणि कोठे मिळेल हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे आणि पुढचा इलाज सांगितला गेल्यास तो पुरा करावा. कारण प्राण वाचतो तो नुसत्या तपासणीने नव्हे, तर तिच्यामागोमाग वेळेवर झालेल्या उपचाराने.